मिलोची भाकरी आणि हजेरीपटावरचं नाव



आपल्या बीड जिल्ह्यात एखाद्या म्हातारीला वय विचारलं, तर ती आकडा सांगत नाही. ती म्हणते, रझाकाराच्या वेळी मी पाळण्यात होते. किंवा म्हणते, बहात्तरच्या दुष्काळात माझं लगीन झालं. किंवा किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा थोरला एवढा एवढा होता, असं हातानं दाखवते. ज्यांच्या नशिबी शाळेचा दाखला आला नाही, त्या बायकांचं कॅलेंडर असं संकटांचं आहे. रझाकार म्हणजे १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या आधीचा काळ. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. आणि या दोन्हींच्या मधोमध उभा आहे तो १९७२ चा दुष्काळ. कुणी त्याला नुसतं 'बहात्तर' म्हणतं, कुणी 'मिलोचं साल' म्हणतं.

आज आम्ही त्या सालाविषयी बोलणार आहोत. त्याला कारण आहे. तेव्हा ज्या वीस वर्षांच्या सुना होत्या, त्या आज सत्तरी ओलांडून बसल्या आहेत. त्यांच्याजवळ जे आहे ते सरकारी अहवालात नाही. अहवालात किती गावं, किती मजूर, किती टन धान्य हे सगळं मिळतं. पण त्या लाल भाकरीचं पीठ कसं मळलं, लेकराला कामावर कुठं निजवलं, बियाण्याचं गाठोडं कुठं दडवून ठेवलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आधी आपल्या जमिनीविषयी दोन शब्द. पावसाचे ढग समुद्राकडून येतात, सह्याद्रीवर आदळतात आणि तिथंच रिकामे होतात. डोंगराच्या अलीकडे आपण, म्हणजे पर्जन्यछायेत. त्यात आपल्या जिल्ह्याच्या मधून बालाघाटाची रांग गेली आहे. खाली गेवराई, माजलगाव, परळीकडे गोदावरीकाठची काळी जमीन, तर वर आष्टी, पाटोदा, शिरूरकडे मुरमाड माळरान. तिथं पाणी पडलं तरी थांबत नाही, वाहून जातं. म्हणून आपलं शेत दोन पावसांवर उभं असतं. मृगाच्या पावसावर बाजरी, मूग, तूर. परतीच्या पावसावर रब्बीची ज्वारी. एक पाऊस चुकला तर दुसरा हात देतो. दोन्ही चुकले तर माणसाला ज्वारी नाही आणि जनावराला कडबाही नाही. ज्वारीचं पीक गेलं की घर आणि गोठा एकाच दिवशी उपाशी पडतो, हे शेतकऱ्याच्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दुष्काळ आपल्याकडे नवा नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण लोकांनी शेकडो वर्षं जपली. तो बारा वर्षं चालला, असं सांगतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारं उपाशी लोकांना खुली केली, ही गोष्ट आपण भजन-कीर्तनात ऐकत आलो आहोत. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांच्या पहिल्या पत्नी अन्नावाचून गेल्या. पुढे १८७६ ते १८७८ या काळात सगळ्या दख्खनेत भूक पसरली आणि लाखो माणसं मेली. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

या सगळ्या जुन्या दुष्काळांत एक गोष्ट सारखी दिसते. उपाशी माणसाला जे मिळालं, ते कुणाच्या तरी दयेनं मिळालं. कोठार उघडणारा दामाजी भेटला तर जगायचं, नाही भेटला तर नाही. बहात्तरच्या दुष्काळात हे थोडं बदललं. कसं, ते पुढे बघू.

बहात्तर साल एकदम आलं नाही. आधीच्या दोन वर्षांतही पाऊस ओढ देत होता. घरातली कणगी, जमिनीतलं पेव, भिंतीतलं बळद यांत जे काही साठवलेलं होतं, ते त्या दोन वर्षांत तळाला गेलं. मग १९७२ चा पावसाळा कोरडा गेला. मृग गेला, आर्द्रा गेल्या, हस्ताचाही पाऊस आला नाही. पुणे, नगर, सोलापूर, सांगली, औरंगाबाद, उस्मानाबाद आणि आपला बीड, या जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसली.

बाजारात ज्वारी दिसेना. दिसली तरी भाव परवडेना. मग रेशनच्या दुकानात बाहेरून आलेला मिलो आला. मिलो म्हणजे अमेरिकेतली लाल ज्वारी. तिकडं ती मुख्यतः जनावरांना चारतात. आपल्या मालदांडीच्या पांढऱ्याशुभ्र, मऊ भाकरीची सवय असलेल्या हातांना त्या पिठाशी झुंजावं लागलं. पीठाला चिकटा नव्हता. थापताना भाकरी कडेनं फाटायची. तव्यावर टाकताना मधून तुटायची. मग आमच्या सासवांनी पाण्याला उकळी आणून पिठाची उकड काढली, गरम असतानाच मळलं आणि भाकरी लहान केली. निवली की ती दगडासारखी व्हायची, म्हणून गरमच खायची. कामावर न्यायची असली तर चटणीचं पाणी करून त्यात कुस्करायची. सरकारच्या हिशेबात हा मिलो टनांनी मोजलेला आहे. तो लेकरांच्या पोटात उतरेल असा करून देण्याचं काम मात्र चुलीपुढं झालं, आणि त्याची नोंद कुठंच नाही.

मिलोही पुरत नव्हता. मग रानात जे उगवेल ते आणलं. तरोट्याचा कोवळा पाला, घोळ, तांदुळजा. बरबड्यासारख्या रानगवताचं बी झोडून आणलं, पाखडलं, दळलं. हुलगे असले तर त्याचं पातळ माडगं करून चार माणसांचं आठ माणसांत भागवलं. कुठला पाला खाल्ला की पोट बिघडतं, कुठला दोनदा उकळून पाणी टाकल्यावर चालतो, हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून आलं नव्हतं. ते आईकडून लेकीकडं आलं होतं. त्या वर्षी त्यानं जीव राखले.

आणि एक गोष्ट आमच्याकडच्या जुन्या बायका फार अभिमानानं सांगतात. बियाणं खाल्लं नाही. राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून गाडग्यात ठेवलेली पेरणीची ज्वारी घरात होती. लेकरू रडत होतं. तरी त्या गाडग्याला हात लावला नाही. कारण पुढच्या मृगाला पेरायचं काय, हा प्रश्न आजच्या भुकेपेक्षा मोठा होता. सगळ्यांना ते जमलं नाही, आणि ज्यांना जमलं नाही त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. पण ज्यांनी राखलं, त्यांच्यामुळे गावात पुन्हा पेरणी झाली.

आता कामाकडे येऊ. वसंतराव नाईक तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते. सरकारनं गावोगाव दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, विहिरी, आणि जिथं दुसरं काही नाही तिथं खडी फोडणं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. हा आकडा नीट मनात आणा. एका उन्हाळ्यात, एका राज्यात, अर्धा कोट माणसं डोक्यावर पाटी किंवा हातात हातोडा घेऊन उभी होती. आणि त्यात बायकांचा भाग फार मोठा होता.

पुरुषानं खणायचं, बाईनं पाटी भरून बांधावर नेऊन टाकायची, अशी कामाची वाटणी असे. मोजमापावर मजुरी. मिस्त्री टेप लावणार, मुकादम हजेरी घेणार, पंधरवड्यानं पगार वाटणार. बाभळीला नाहीतर तीन काठ्यांच्या तिवईला झोळी बांधून तान्ह्याला त्यात टाकायचं. मोठी पोरगी असेल तर ती झोका देणार, म्हणजे तिची शाळा सुटली. खडी फोडताना कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून पदर डोळ्यांवर ओढून घ्यायचा. दुपारी कामावर सुकडी वाटायचे. पीठ भाजून गोड केलेलं ते पोषक मिश्रण होतं. कितीतरी आयांनी आपल्या वाट्याची सुकडी पदरात बांधून घरी नेली.

जात तेव्हा गावात होती तशीच कामावरही आली. पाण्याचा माठ वेगळा, बसायची सावली वेगळी, हे प्रकार चाललेच. पण एक वेगळी गोष्टही घडली. ज्या घरांतल्या बायका कधी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला गेल्या नव्हत्या, त्याही पाटी घेऊन ओळीत उभ्या राहिल्या. पाटीलवाड्यातली सून आणि वस्तीवरची बाई एकाच बांधावर माती टाकताना दिसली. पोटानं त्यांना एका ओळीत आणलं. दुष्काळ संपल्यावर ती ओळ पुन्हा मोडली, हेही खरं. तरी ज्यांनी ते पाहिलं, त्यांच्या मनातून ते गेलं नाही.

आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा असं झालं, की मजुरीच्या हजेरीपटावर त्यांचं स्वतःचं नाव आलं. शेतात त्या जन्मभर राबत होत्या, पण ते घरचं काम म्हणून मोजलं जात नव्हतं. इथं नाव पुकारलं जाई, अंगठा घेतला जाई, पैसे हातात पडत. घरी गेल्यावर ते कुणाच्या हातात जात, हा वेगळा विषय. पण नाव पुकारलं गेलं होतं.

याच काळात मुंबईतही बायका रस्त्यावर आल्या होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा कार्यकर्त्यांनी १९७२ साली महागाईविरोधी महिला समिती उभी केली. धान्य, तेल, साखर, रॉकेल यांसाठी त्यांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले. म्हणून त्यांना लाटणं मोर्चा म्हणतात. शहरातल्या बाईच्या हातात लाटणं होतं, आपल्याकडच्या बाईच्या डोक्यावर पाटी. दोघींची मागणी एकच होती, की चूल पेटली पाहिजे. आणि खेड्यातल्या मागणीत आणखी एक शब्द होता. काम द्या. नुसतं धान्य वाटा असं लोक म्हणत नव्हते, काम द्या आणि दाम द्या असं म्हणत होते.

या मागणीचं पुढे काय झालं, ते आपल्याला पाठ असलं पाहिजे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यात बऱ्याच आधीपासून एक कल्पना होती. गावातला जो कुणी अंगमेहनत करायला तयार आहे, त्याला सरकारनं काम दिलंच पाहिजे. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात १९६५ साली तिचा प्रयोग झाला होता. बहात्तरच्या सुमाराला ती राज्यभर न्यायचं ठरत होतं, तेवढ्यात दुष्काळ पडला आणि दुष्काळी कामंच पुढे आली. पण त्या ५० लाख माणसांनी एक गोष्ट सिद्ध करून दाखवली. काम दिलं तर लोक ते करतात, कितीही अवघड असलं तरी करतात. १८७६ सारखी माणसं या दुष्काळात मेली नाहीत. गुरं मेली, संसार मोडले, अंगावरचं डोरलं गहाण पडलं, पण माणसं बहुतांशी जगली.

दुष्काळ सरल्यावर रोजगार हमी योजना पुन्हा मार्गी लागली. तिला पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातल्या मजुरीसाठी येऊ लागला. १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाही मिळालं तर बेकारी भत्ता. बाईला आणि पुरुषाला एका कामाचा एकच दर. कामावर पिण्याचं पाणी, सावली, आणि लहान लेकरांना सांभाळायची सोय. झोळीतल्या तान्ह्याची आठवण अशी कायद्यात जाऊन बसली. पुढे २००५ साली देशाच्या संसदेनं रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. कामावर किमान एक तृतीयांश बायका असाव्यात, असं त्यात लिहिलं गेलं.

कायदा कागदावर आला म्हणजे सगळं झालं, असं आम्ही म्हणत नाही. मजुरी उशिरा मिळणं, मोजमापात मारणं, हजेरीपटावर खोटी नावं घालणं, पाळणाघर फक्त नियमात असणं, हे सगळं आपण पाहिलं आहे. खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले. काही पाझर तलाव पहिल्याच मोठ्या पावसात फुटले, तर काही आजही आपल्या गावाच्या विहिरींना पाणी देतात. पण दामाजीची वाट पाहणं वेगळं आणि कायद्यावर बोट ठेवून काम मागणं वेगळं. या दोहोंच्या मधे जे अंतर आहे, ते आपल्या आयांनी आणि सासवांनी पाटी डोक्यावर घेऊन चालून काढलं.

बहात्तरनं आणखी दोन गोष्टी आपल्या दारात आणून ठेवल्या. पहिली, कोयता. आपल्याकडची माणसं ऊसतोडीला आधीही जात होती. पण या दुष्काळानंतर ती वाट फार मोठी झाली. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता व्हायचं आणि पश्चिम महाराष्ट्राच्या फडात जायचं. थंडीत पाचटाच्या कोपीत राहायचं आणि पहाटेच्या दवात उसाला हात घालायचा. गावात काम मिळावं म्हणून जो कायदा झाला, तो पुरला असता तर एवढी घरं रिकामी झाली नसती. हा हिशेब अजून पुरा व्हायचा आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. जुनी माणसं सांगतात, बहात्तरला धान्य नव्हतं, पण पिण्याचं पाणी बऱ्याच ठिकाणी हातानं खोदलेल्या विहिरीत मिळत होतं. खोल उतरून वाटीवाटीनं भरावं लागे, पण मिळे. त्या वर्षांत जमिनीला भोक पाडून पाणी काढणारी यंत्रं गावोगाव फिरू लागली. आपल्या शेजारी जालन्यात स्कॉटलंडच्या चर्चच्या मिशननं खेड्यांसाठी बोअर पाडायचं काम हाती घेतलं होतं. तिथं लोखंडी हापसा तयार झाला. सोलापुरात तो आणखी सुधारला. त्यावरूनच पुढे १९७० च्या दशकाच्या शेवटी 'इंडिया मार्क टू' हा हापसा आला आणि देशभर गेला. हापशानं बाईच्या डोक्यावरचा हंडा थोडा हलका केला, हे विसरून चालणार नाही.

पण भोक पाडायची सोय हातात आली, तसं आपण थांबलो नाही. हापशाच्या जागी मोटार आली, शंभर फुटांच्या जागी कितीतरी शे फूट आले. मग २०१२-१३ चा दुष्काळ आला तेव्हा चित्र उलटं झालं होतं. रेशनला धान्य होतं, पाणी नव्हतं. जनावरं छावणीत आणि जनावरांपाशी माणसं, असे महिने काढले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आपल्याच केज तालुक्यात धनेगावला आहे. ते कोरडं पडलं होतं. आणि याच आपल्या जिल्ह्यात, बीड शहराजवळ, सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळी बांधलेली खजाना विहीर आहे. जमिनीखालच्या कालव्यानं ती शेतांना पाणी देत आली. पाणी अडवायचं, मुरवायचं आणि बेतानं घ्यायचं, हे आपल्या मातीतल्या माणसांना ठाऊक होतं.

आता शेवटची गोष्ट, आठवण ठेवण्याची. पूर्वी बायका आपलं सुखदुःख जात्यावर ओवीत घालत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. गिरणी आली, मनगटाचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जातं थांबलं तशी ओवीही थांबली. मग बहात्तरची आठवण कशात ठेवायची? आमच्या मते, आवाजात ठेवायची. आज प्रत्येक घरात आवाज भरून ठेवणारा मोबाईल आहे.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीला गावातल्या दोन-तीन आजींना बोलवा. त्यांना नुसतं 'दुष्काळ कसा होता' असं विचारू नका. त्या 'लई वाईट होता बाई' म्हणतील आणि गप्प बसतील. बारीक विचारा. मिलोचं पीठ कसं मळलं? कोणता पाला खाल्ला, आणि तो आज शिवारात कुठं उगवतो? कोणत्या तलावावर काम केलं, त्यात आज पाणी आहे का? मजुरी किती मिळाली आणि ती कुणी ठेवली? बियाणं राखलं का, कसं? घरात आधी कोण जेवायचं आणि शेवटी कुणाला उरायचं? त्या सांगतील ते मधे न तोडता ऐका आणि भरून ठेवा. ज्या तलावाचं नाव त्या घेतील, त्या तलावावर एकदा सगळ्या मिळून जाऊन या. गाळ साचला असेल तर तो काढायचं काम ग्रामसभेत लेखी मागा, आणि दिलेल्या अर्जाची पोच घ्या.

आणि आजींचं नाव त्या नोंदीत नक्की लिहा. हजेरीपटावर ते एकदा आलं होतं, पण तो कागद आता कुठं असेल ते कुणाला सांगता येणार नाही.